ती बाई नव्हती, रमी होती

नवऱ्याचं बाहेर काहीतरी चालू आहे, याची मला खात्री पटली ती त्याच्या हसण्यावरून. गोरेगावच्या एका स्टुडिओत सेट उभे करणाऱ्या सुतारांवर तो देखरेख करतो. आम्ही बोरिवलीला राहतो, लग्नाला तेव्हा तेरा वर्षं झालेली, एक मुलगी. जेवताना तो मोबाईल ताटाशेजारी पालथा ठेवायचा. मध्येच उचलून बघायचा आणि गालातल्या गालात हसायचा. माझ्याकडे बघून तो असा कधी हसला होता, ते मला आठवेना.

मी शाळेत क्लार्क आहे. टेबलावर दाखल्यांचा गठ्ठा असायचा आणि डोळ्यांसमोर ती. सेटवर कपडेपट सांभाळणारी असणार, सडपातळ, मोकळ्या केसांची. तिच्या आवाजापर्यंत सगळं मी ठरवून टाकलं होतं. तो बाथरूममध्ये फोन घेऊन गेला की मी दाराला कान लावायचे. आतून काहीच ऐकू यायचं नाही, म्हणून आणखी जळायचे. विचारलं की म्हणायचा, "कामाचं आहे गं. डोकं नको खाऊस."

एका रविवारी सकाळी म्हणाला, "वर्सोव्याला जाऊन मासे आणतो."

"का? बोरिवलीत मासे संपले?"

"ताजे मिळतात ना तिकडे."

मुलीला शेजारी सोडलं आणि रिक्षा करून मी त्याच्या स्कूटरमागे निघाले. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा माझ्याकडे बघितलं.

मढची फेरीबोट लागते तिथल्या कठड्यावर तो बसला. मी वाळत घातलेल्या बोंबलांच्या आड उभी राहिले. बोट आली की उतरणारी प्रत्येक बाई मी निरखून बघत होते. ही असेल का, ती असेल का? एक हिरव्या ड्रेसमधली त्याच्याजवळ येऊन वाकली, तेव्हा मी आडोसा सोडून एक पाऊल पुढे आले. तिने चपलेचा पट्टा नीट केला आणि ती निघून गेली. दीड तास झाला. कोणीच आलं नाही, आणि त्याने मोबाईलमधून मान वर केली नाही. शेवटी मीच मागून गेले. स्क्रीनवर पत्ते होते.

"तू इथे काय करतेस?" तो दचकून उठला.

"ती कोण आहे?"

"कोण ती?"

मी मटकन कठड्यावर बसले आणि हसत सुटले. रमी! बाई नव्हती, रमी होती. त्या आनंदात मी स्वतः पापलेट घेतली, दुपारी तळली. तो माझ्याकडे घाबरून बघत होता. मला वाटलं, मी संशय घेतला म्हणून दुखावलाय. आता कळतं, मी आणखी काही विचारीन याची त्याला भीती होती.

मी विचारलंच नाही. जवळजवळ वर्षभर. बाई नाही ना, मग खेळू दे. नेटवर्क गेलं तर तो मुलीवर खेकसायचा, तिच्या शाळेच्या गॅदरिंगला हॉलबाहेरच उभा राहिला, अंगाने उतरला. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे कारण तयार असायचं.

मग मुलीचा कान दुखायला लागला. मला सुट्टी नव्हती, म्हणून तो तिला घेऊन दवाखान्यात गेला. संध्याकाळी मी घरी आले, तर पोर कानावर हात धरून बसलेली.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टर गेले घरी," ती म्हणाली. "आमचा नंबर दोनदा पुकारला. मी बाबांना हलवलं, पण त्यांना ऐकूच येत नव्हतं."

तो चपला न काढता दारातच उभा होता.

"खेळत होतास?"

"एकच डाव राहिला होता गं," तो म्हणाला, आणि तिथेच उंबऱ्यावर बसून रडायला लागला. पैसे लावून रमी खेळायचं ते अ‍ॅप त्याने तीनदा काढून टाकलं होतं, तीनदा परत घेतलं होतं. गेलेले पैसे मिळाले की सोडणार होता. किती गेले ते त्याने सांगितलं, तेव्हा मलाही खाली बसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन मीच दवाखान्यात गेले आणि न राहवून डॉक्टरांना सगळं सांगितलं. "हा आजार आहे," ते म्हणाले. "भांडून जाणार नाही. त्यांना मनोविकाराच्या ओपीडीत घेऊन जा."

महापालिकेच्या रुग्णालयातल्या डॉक्टरबाईंनी त्याला साधे प्रश्न विचारले. घरच्यांपासून लपवता का? घालवलेलं परत मिळवायला पुन्हा खेळता का? बंद केलं की चिडचिड होते का? तो जमिनीकडे बघत दरवेळी हो म्हणत होता. त्याच्याआधी मी मनात हो म्हणत होते. मला सगळी उत्तरं येत होती.

त्यांनी उपचार सुरू केले, पगाराचं कार्ड काही महिने माझ्याकडे ठेवायला सांगितलं, आणि घाटकोपरला भरणाऱ्या एका गटाचा पत्ता दिला. जुगारातून बाहेर पडू बघणारी माणसं दर शनिवारी दुपारी एका शाळेच्या वर्गात जमतात.

पहिल्या शनिवारी तो हलका होऊन परतला. मी चहा टाकला, म्हटलं, "काय बोललास?"

"सगळं बोललो."

"म्हणजे काय?"

"तिथलं बाहेर सांगायचं नसतं गं."

मी पुन्हा तशीच जळायला लागले. चौदा वर्षं मी त्याचे डबे भरले, आणि सगळं बोलायला याला घाटकोपरची अनोळखी माणसं? त्यात एक निवृत्त बस ड्रायव्हर होते. खेळावंसं वाटलं की हा त्यांना फोन करायचा. गॅलरीत उभा राहून काका, काका करत हसायचा. ते हसू मी ओळखलं. एकदा तो अंघोळीला गेला असताना त्यांचाच फोन आला, तो मी उचलला.

"काका, तो मला का नाही सांगत?" माझा आवाज चिरका झाला. "मी कोण आहे मग?"

ते म्हणाले, "बाय, तुझ्यासमोर त्याला चांगलं दिसायचं असतं. माझ्यासमोर कशाला? मी त्याच्यापेक्षा जास्त घालवलंय. माझी बायको तर सोडूनच गेली." मग म्हणाले, "बाजूच्या वर्गात घरच्यांची मीटिंग असते. तू येत जा."

गेले. सात-आठ बायका होत्या, एक म्हातारे वडील. मी सांगितलं की मला त्या काकांचा हेवा वाटतो. कोणी हसलं नाही. एक बाई म्हणाली, "मला तर नवऱ्याच्या डॉक्टरचा वाटायचा." घरी आल्यावर त्याने विचारलं, काय बोललीस? मी सांगितलं नाही, आणि त्याचं मला बरं वाटलं, हेही खरं.

मधे तो एकदा घसरला. आधी काकांना सांगितलं, मग मला. मी दोन दिवस अबोला धरला, तो खेळला म्हणून कमी आणि दुसरा नंबर लागला म्हणून जास्त.

गेल्या महिन्यात एका सकाळी मी मेथी निवडत होते. तो समोर येऊन बसला. "आज हात शिवशिवतायत," म्हणाला. काकांना अजून फोन केला नव्हता, आधी मला सांगत होता. मी अर्धी जुडी त्याच्याकडे सरकवली. आम्ही दोघं पानं खुडत राहिलो. अर्ध्या तासाने तो हात धुऊन गॅलरीत गेला आणि काकांना फोन लावला. मला वाईट वाटलंच, थोडंसं. मी भाजी फोडणीला टाकली.