चपट्या नाकाची दिष्ट

लेकीला बंगळुरात नोकरी लागली आणि तिचा पग वालावलला आमच्या सासूबाईंच्या गळ्यात पडला. मी कणकवलीला ऑफिसात, घर दिवसभर बंद. आणि ही कुत्र्याची जात म्हणजे माणूस दिसेनासा झाला की जेवणच सोडणारी.

"ह्येच्या तोंडार कोणी पाट हाणलो?" आईंनी पहिल्याच दिवशी विचारलं. पण महिन्याभरात त्याच्या तोंडावरच्या घड्या पुसून कोरड्या करणं, भात बेतानंच घालणं, ऊन चढायच्या आत फिरवून आणणं, सगळं त्यांच्या अंगवळणी पडलं. सासरे गेल्यापासून त्या कुणाशी धड बोलत नव्हत्या. आता, "घोरता तर तुझ्या सासऱ्यासारखो!" म्हणून खुदुखुदु हसायच्या. मला केवढं हायसं वाटलं होतं.

मे महिन्यातल्या एका रविवारी मी गेले, तर मागच्या पडवीत धूरच धूर. कुत्रा सकाळपासून धापा टाकत होता. अहो, उकाड्यानं! चपट्या नाकाला उकाडा सोसत नाही, हे मी शंभरदा सांगितलेलं. पण आदल्या दिवशी शेजारणी त्याचं कौतुक करून गेल्या होत्या, म्हणजे दिष्टच. आईंनी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. ठसका उठेना, म्हणजे दिष्ट मोठी. म्हणून वर आणखी मूठभर मिरच्या. मग जो ठसका उठला, त्यानं मला दारातच खोकला आला. कुत्रा त्यांच्या मांडीवर आडवा, जीभ निळी पडलेली.

"मारलात की हो त्याला!" मी ओरडले. हिसकावूनच घेतला, ओल्या पंच्यात गुंडाळला आणि रिक्षानं कुडाळला डॉक्टरांकडे धावले. वाचला. देवाची कृपा, दुसरं काय!

मी रजा टाकून इथंच राहिलेय. आई त्याला हात लावत नाहीत. "माझ्या हातान मरात गो तो," एवढंच म्हणतात. आणि तो माझ्या हातचं खात नाही. वाटीचा वास घेतो आणि त्यांच्या बंद दाराशी जाऊन बसतो. बरगड्या दिसायला लागल्यात मेल्याच्या. माझा जीव नुसता टांगणीला लागलाय.

परवा शेवटी वाटी घेऊन मीच आईंच्या खोलीत गेले. तोही मागोमाग आला.

"आई, तुम्हीच भरवा त्याला."

त्यांनी घास उचलला. मग माझ्याकडे बघितलं. "तुझो इस्वास आसा माझ्यार?"

"आहे ना," मी म्हटलं. पण जरा उशिरा.

त्यांनी घास परत वाटीत ठेवला. "लेकीक फोन कर," म्हणाल्या. "येवन घेवन जांवदे तेका."