अमोनियाचा वास

निजामाच्या राजवटीत औरंगाबादच्या कॉलेजात आम्हाला रसायनशास्त्र उर्दूतून शिकवत. प्रयोगशाळेत हर्सूलहून येणारा एक म्हातारा चपराशी होता. आम्ही त्याला मामू म्हणायचो. खरं नाव मी कधी विचारलंच नाही.

निकेल ओळखायचं तर द्रावणात वास येईपर्यंत अमोनिया घालायचा, मग डायमिथाइलग्लायॉक्झिम. त्याचे दोन रेणू निकेलच्या अणूला चार नायट्रोजनांनी खेकड्यासारखे धरतात आणि नळीत लालभडक साका उतरतो. अमोनिया नाकाला झोंबतो म्हणून नळी आम्ही मामूपुढं धरायचो. तो हुंगायचा, अमोनिया पुरेसा झाला की मान हलवायचा.

एकदा त्यानं मान हलवली, पण लाल रंग आलाच नाही. अमोनिया कमी पडला होता. सगळ्यांदेखत मी त्याच्यावर खेकसलो.

तो हळूच म्हणाला, "बाबू, मला लई वर्षांपासून भाकरीचाबी वास येत नाय. तुमच्या डोळ्यांत पाणी आलं की मी मान हलवतो. आज तुम्ही तोंड फिरवलं व्हतं, म्हणून अंदाजानंच हलवली."

माफी मागायला हवी होती. त्याऐवजी मी अमोनिया ओतला आणि पहिल्यांदाच नळी स्वतः हुंगली. डोळ्यांना धार लागली.

मामूनं मान हलवली.