फिरकीबाईंचा चहा आणि थंड तारा

आमच्या वेधशाळेतल्या फिरकीबाईंची भांडारात बदली झाल्याचं कळलं आणि माझं डोकं सणकलं. बावीस वर्षं दुर्बिणीच्या बुडाशी बसलेल्या बाईला खिळे-मोळे मोजायला धाडतात, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

त्यांचं काम असं. दुर्बिणीमागे काचेची एक चकती. तिची मोटर कधीचीच मेलेली, म्हणून बाई ती हाताने फिरवतात; नावही त्यावरूनच पडलं. चार खाचा, दर खाचेला वहीत एक आकडा. सध्याचा तारा बुटका, आणि इतका थंड की अंगावर धुळीचे ढग बाळगतो. दोन तासांत स्वतःभोवती गरकन फिरतो. ढगांतून विखरलेला उजेड एका अंगाला कलतो, म्हणजे त्याच्या लहरी जास्त करून एकाच दिशेत हलतात; तो कल ही चकती पकडते. ढग समोर आले की कल वाढणार, आड गेले की उतरणार.

आकडे दर दोन तासांनी वाढले. आणि बाई दर दोन तासांनी चहाला जातात!

बदलीचा हुकूम काढणारे साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही दार उघडता, व्हरांड्यातला दिवा गुळगुळीत फरशीवर पडतो. तिथून परतलेला उजेडही कललेलाच असतो. हा तारा नाही, तुमचा चहा आहे."

"मग चहाची बदली करा. माझी कशाला?"

मला वाटलं, साहेबांना ढगांचा शोध एकट्याने लाटायचाय, म्हणून साक्षीदार हटवताहेत. मी म्हणाले, "मोर्चाच काढू."

"गप गं," बाई म्हणाल्या. "संशय घेणं हा आमचा धंदाच आहे. त्यांनी घेतला, बरोबर घेतला. पण तपासाआधी शिक्षा ठोकली, ते चुकलं."

हुकूम लागू व्हायला तीन दिवस होते. बाईंनी धाकट्या लेकीचा सापशिडीचा फासा उचलला.

"आई, सहा पडल्याशिवाय चहा नाही हां!" लेक खिदळली.

ठरलं तसंच. दर अर्ध्या तासाला साहेब फासा टाकणार, सहा पडला तरच बाई उठणार. मधूनमधून दुर्बीण शेजारच्या साध्या ताऱ्याकडे, ज्याच्या उजेडाला कल नाही. त्याचाही आकडा वाढला, तर चोर घरातलाच.

पहिल्या रात्री सहा पडलाच नाही. बाई कोरड्या घशाने बसल्या. दुसऱ्या रात्री लागोपाठ दोनदा पडला.

तिसऱ्या दुपारी साहेबांनी आलेख पसरला. चहा कुठेही असो, तारा आपला दोन तासांनी वर, दोन तासांनी वर. साधा तारा सपाट.

"हुकूम परत घेतो," साहेब पुटपुटले.

"आधी फाडा."

त्यांनी फाडला. मी टाळी वाजवणार, तोच बाईंनी वही पुढे सरकवली; दार उघडल्याची प्रत्येक वेळ तिच्यात टिपलेली. "आता सांगा, दर दोन तासांनी सिगारेट ओढायला त्याच दारातून कोण जातं? साधा तारा पाहताना तुम्ही आतच होतात, मग तो सपाट दिसणारच."

साहेबांच्या खिशातलं सिगारेटचं पाकीट निघून टेबलावर आलं.

बाईंनी फासा मुठीत घेतला. "आज रात्री मी टाकणार. सहा पडल्याशिवाय उठायचं नाही, साहेब."