कॉलनीतली मोकळी जागा

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी नाशिकला पेठ रोडवरच्या आदिवासी मुलींच्या वसतिगृहात आठवीला आले. खोलीत सुरगाण्याकडची एक ताई होती. ती अकरावीला, पण आम्हा सगळ्यांची आईच. नवी पोरगी रडायला लागली की जवळ घेऊन म्हणायची, "रड, पण जेवून रड."

वसतिगृहाला मैदान नव्हतं. समोरच्या कॉलनीत महापालिकेची मोकळी जागा होती, तिथं गाजरगवत कमरेएवढं वाढलेलं. एका संध्याकाळी ताईने आम्हाला तिथं कबड्डी खेळायला नेलं. गवत तुडवून कशीबशी जागा केली, तोच शेजारच्या बंगल्यातले काका बाहेर आले.

"पोरींनो, ही आमच्या कॉलनीची जागा आहे. तुम्ही तिकडे खेळा."

आम्ही चपला शोधायला लागलो. ताई मात्र तिथंच उभी.

"काका, आम्हीपण इथंच राहतो ना? गवत लय वाढलंय, साप निघंल. रविवारी आम्ही काढतो. तुमच्यातलं कोणी येईल?"

काका आत गेले. रविवारी, स्वयंपाकाच्या मावशींनी मखमलाबादच्या मळ्यातून आणून दिलेले विळे घेऊन आम्ही गेलो, तर काका डोक्याला रुमाल बांधून आधीच हजर. दुपारी काकूंनी पातेलंभर पोहे आणले. हाताला गवताचा हिरवा वास, तसेच आम्ही ते खाल्ले.

जागा साफ झाली आणि क्रिकेटवाली पोरं आली. रोज भांडणं. मग ताईने घरोघरी जाऊन सगळ्यांना बैठकीला बोलावलं. काका खुर्ची घेऊन आले.

"काका, आमच्या पाड्यावर बैठकीला सगळे खालीच बसतात," ताई म्हणाली. "वर बसलं की खालच्याचं ऐकू येत नाय."

काका हसले आणि गुडघा धरत मातीत बसले. ठरलं की आधी कबड्डी, मग क्रिकेट. उठता उठता काकू हळूच म्हणाल्या, "आमच्या मुलींनाही घ्या गं खेळायला." तोवर त्या मुली गच्चीवरूनच आमचा खेळ बघायच्या.

बारावीनंतर ताई नर्सिंगला गेली. जाताना मला म्हणाली, "बैठक आता तू बोलव."

"मला नाय जमणार."

"नाय जमलं तर परत बोलव."

पावसाळ्यात गवत पुन्हा वाढलं आणि पोरी माझ्याकडे बघायला लागल्या. बैठकीला बोलवायला मी काकांच्या दारात गेले. काकांनी विचारलं, "ताई कुठाय?"

"ती गेली. आता मी आहे."

"बरं," म्हणत ते चप्पल घालायला लागले.

पुढं बारावीपर्यंत मी बैठका बोलावत राहिले. कधी कधी आम्ही पोरी आणि काका, एवढेच असायचो. तरी बैठक व्हायचीच.