महाजनांची कल्याणी आणि माणसाचा मेंदू

विषय : कु. कल्याणी महाजन हिचे नाव समाजाच्या वधू-वर सूचीत घेणेबाबत.
संदर्भ : मानवी मेंदूची उत्क्रांती.

विषयाला असा संदर्भ मी नोकरीत असताना लावला असता, तर मेमो मिळाला असता. पण गुजरातेतल्या आमच्या गोडादऱ्याच्या खानदेशी समाज मंडळात सगळं चालतं. मी निवृत्त कारकून, म्हणून आपोआप सचिव. बैठकीत किस्से ढिगाने साठतात. इतिवृत्तात मी ‘चर्चा झाली’ एवढंच लिहितो.

कल्याणी आठ महिन्यांची असताना महाजनांनी तिला अनाथाश्रमातून रीतसर दत्तक घेतलं. आता ती लग्नाची आहे. सूचीत नाव नसेल तर समाजातलं स्थळ दारात येत नाही, म्हणून महाजनांनी अर्ज केला. अध्यक्ष अण्णा म्हणाले, “माझा विरोध नाही. पण मुलीचे जीन्स कोणाचे, ते कळायला नको?”

अण्णा पूर्वी ‘रक्त’ म्हणायचे. मोबाईल हातात आल्यापासून जीन्स म्हणतात. आक्षेप तोच, फक्त शास्त्रीय झाला.

---

मी वाचणारा माणूस, म्हणून खुलासा माझ्याकडे मागितला. मी सांगितलं, माणसाचं पोर अर्धवट मेंदू घेऊन जन्मतं. उरलेला मेंदू माणसांच्या मांडीवर, त्यांचं बोलणं ऐकत वाढतो. ज्यांना दुसऱ्याकडून चटकन शिकता आलं, ते टिकले. म्हणजे कोणते जीन्स पुढे जायचे, हे सवयींनीही ठरवलं. विस्तवावर शिजवलेलं अन्न मिळालं, पोटाचं काम हलकं झालं आणि मेंदूला वाढायला वाव मिळाला, असंही जाणकार म्हणतात.

खजिनदार भामरे विचारात पडले. “नाना, मेंदू स्वयंपाकामुळे वाढला म्हणता. आपण तर जन्मात चहासुद्धा केला नाही. मग आपलं काय?”

चर्चा झाली.

---

पुढच्या बैठकीत अण्णांनी शुद्ध वंशाचा मुद्दा काढला. आपण पिढ्यान् पिढ्या दूधदुभत्यातली माणसं, हे त्यांचं पालुपद. मी म्हटलं, बरोबर आहे, ज्यांनी गुरं पाळली त्यांच्यातच मोठेपणी दूध पचवणारे जीन्स पसरले.

तेवढ्यात चहा आला. अण्णांनी नेहमीप्रमाणे आपला कप बिनदुधाचा मागून घेतला. दुधाने त्यांचं पोट फुगतं. मग वंशाचा मुद्दा तहकूब झाला.

---

वार्षिक मेळाव्यात अण्णा माईकवर गरजले, “अहिराणी आपल्या रक्तात आहे!” आणि पुरावा म्हणून त्यांनी स्वतःच्या मुलाला बोलायला उभं केलं. मुलगा छान बोलला. गुजरातीत.

अहिराणीत सूत्रसंचालन कल्याणी करत होती. बायका हसून लोळत होत्या. सर्वांत जोरात टाळ्या अण्णांनीच वाजवल्या. खाली उतरल्यावर माझ्या कानाशी म्हणाले, “पोरगी हुशार आहे. तरी जीन्सचा प्रश्न राहतोच.”

---

उधन्याच्या एका चांगल्या घरातून विचारणा आली. सूचीत नाव नाही म्हटल्यावर त्यांनी माघार घेतली. महाजन खचले. अर्ज मागे घेतो, म्हणून माझ्याकडे आले. कल्याणी सोबत होती. तिने बापाच्या हातातून पेन काढून घेतलं.

“पप्पा, राहू द्या अर्ज. लग्न नाही झालं तरी चालेल मला. पण यांनी एकदा तोंडाने हो किंवा नाही म्हटलं पाहिजे.”

आमच्या कार्यकारिणीकडे एवढी मोठी मागणी आजवर कोणी केलेली नाही.

---

मागच्या आठवड्यात मी सह्या घ्यायला अण्णांच्या घरी गेलो. कल्याणी मेळाव्याचे फोटो द्यायला आली होती. अण्णांच्या आई, जिजी, नव्वदीच्या पुढे आहेत आणि अहिराणीशिवाय दुसरं काही बोलत नाहीत. नातवंडांना ती येत नाही, त्यामुळे त्या दिवसभर बहुधा गप्पच असतात. कल्याणीने जाता जाता विचारलं, “जेवण व्हयनं का, जिजी?”

जिजींनी तिचा हात धरला तो सोडेनात. भरीत, शेत, मेलेल्या नणंदा, सगळं बोलून झालं. मग त्यांनी विचारलं, “तू कोनी पोर शे व माय?”

“महाजननी पोर.”

जिजींनी डोळे बारीक करून तिला न्याहाळलं आणि अण्णांकडे वळून म्हणाल्या, “दखाय ना! नाक बी बापनंच शे.”

अण्णांनी पेपर तोंडासमोर धरला.

अर्ज विचाराधीन आहे.