मोगरी मरत नाही

म्हैस दुपारी वेळेवर आली होती. लाइट लागले होते, कॅमेरा रुळांवर चढला होता, ओहोटी सुरू झाल्याने खाडीकाठचा चिखल उघडा पडत होता. आणि म्हशीची मालकीण म्हशीला घेऊन परत टेम्पोकडे निघाली होती.

मी लाइन प्रोड्यूसर आहे. सिनेमा दिग्दर्शक बनवतो, पैसा निर्माता लावतो. जागा, परवानग्या, गाड्या, जेवण, माणसं आणि जनावरं यांची जुळवाजुळव करणारा तो लाइन प्रोड्यूसर. मी कुडाळची, त्यामुळे सिंधुदुर्गात शूटिंग असलं की फोन मला येतो.

हा सिनेमा दुसऱ्या महायुद्धातला. ब्रह्मदेशाच्या जंगलात कोकणातल्या सैनिकांची एक तुकडी मागे राहते. ओसाड गावात त्यांना एक म्हैस सापडते. ती त्यांना दूध देते, जखमींना पाठीवर वाहते, नद्या ओलांडून देते. शेवटच्या नदीकाठी थकून चिखलात बसते आणि मरते. ब्रह्मदेश आम्ही मालवणच्या अलीकडे एका खाडीवर उभा केला होता. तिवरांचं रान, चिखल आणि दमट हवा तयारच होती. माड तेवढे फ्रेममधून चुकवायचे.

म्हैस होती कसालजवळच्या एका वाडीतल्या सरूकाकीची. रंग डांबरासारखा, नाव मोगरी, कपाळावर पांढरा ठिपका. शांत जनावर. काकी बाजूला उभी असेल तर तोफा उडाल्या तरी कान हलवत नसे. जनावरांच्या परवानग्या झाल्या होत्या, डॉक्टर रोज सेटवर होते. मोगरीची सगळी कामं झाली होती. उरलं होतं फक्त मरण.

मी टेम्पोच्या आडवी गेले.

"गो काकी, खंय चाललंस?"

"घराक. माझी म्हस मारूक मी हाडूक नाय."

काकीला आतापर्यंत एवढंच ठाऊक होतं की शेवटी म्हैस चिखलात बसते. चिखलात बसणं हा मोगरीचा रोजचा धंदा, त्यात काकीला वावगं काही वाटलं नव्हतं. मघाशी चहा पिताना सैनिकांच्या वेशातल्या कुणीतरी तिला पुढची गोष्ट सांगितली. आमचे सैनिक म्हणजे आसपासच्या गावांतलीच माणसं. गुपित टिकायचं कसं?

"खोटां खोटां मरतली गो ती. नाटकात मरतत तशी."

"मराण तां मराण. खोट्यातसुद्धा तिच्या मराणाचां नाव काढूचां न्हय. घरात ती एकच दुभती आसा."

एव्हाना दिग्दर्शक समीर धावत आला. मुंबईचा, तरुण, हुशार, पण म्हशीशी संबंध फक्त चहापुरता.

"काकी, तिला काहीही होणार नाही. अभिनय आहे नुसता."

"अभिनय तुमचो," काकी म्हणाली. "तिका काय ठावक?"

समीरने माझ्याकडे पाहिलं. "मंगलताई, दुसरी म्हैस मिळेल?"

म्हशी हव्या तितक्या मिळाल्या असत्या. कपाळावर तोच ठिपका असलेली मिळाली नसती. आमच्या धंद्यात याला कंटिन्युइटी म्हणतात. म्हणजे आधीच्या दृश्यात जे दिसलं तेच पुढच्या दृश्यात दिसायला हवं. आख्खा सिनेमा मोगरी चालली आणि शेवटी तिची मावसबहीण मेली, असं प्रेक्षक चालवून घेत नाहीत. शिवाय भरती आली की चिखल पाण्याखाली जाणार होता आणि युनिटचा तो तिथला शेवटचा दिवस होता. शेवटाचं दृश्य मिळालं नाही, तर सिनेमाला शेवट नव्हता.

तोडगा काढला बाबी गावकराने. बाबी गावातला मानकरी, आमच्याकडे सुभेदाराच्या वेशात.

"काकी, गाऱ्हाणां घालूया. देवाक सगळां सांगान टाकूया. मगे तरी घालतलंस तिका चिखलात?"

काकीने थोडा विचार केला. "देवाक सगळां खरां सांगशात?"

"अगदी खरां."

"मगे घाल."

गाऱ्हाणं आमच्या जिल्ह्याबाहेरच्यांना सांगायला हवं. कुठलंही काम सुरू करण्यापूर्वी जाणता माणूस नारळ ठेवून देवाला मोठ्याने सगळी हकिकत सांगतो आणि सांभाळून घ्यायची विनंती करतो. प्रत्येक वाक्याच्या शेवटी तो "म्हाराजा" म्हणतो, आणि जमलेले सगळे एका सुरात उत्तर देतात, "व्हय म्हाराजा!" घर बांधताना, लग्नात, नाटकाचा पडदा उघडताना, क्रिकेटच्या सामन्याआधी, सगळीकडे हेच. पाळण्यातलं पोरही त्या सुरावर मान हलवतं.

बाबीने हेल्मेट काढून काखेत धरलं, नारळ ठेवला आणि आवाज लावला.

"बा रवळनाथा म्हाराजा! आज हंय सिनेमाचां शूटिंग चालू आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी पलटण गरजली.

"ही सरूची मोगरी आज खोटां खोटां मरतली, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तां मराण क्यामेऱ्यातच रव्हांदे, गोठ्याची वाट दाखव नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जां काय वाकडां-नाकडां आसात तां दूर कर, आनी ह्या मुंबयवाल्यांच्या डोक्यात उजेड पाड, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हा होकार सर्वांत मोठा होता.

समीर हात जोडून उभा होता. शेवटचं वाक्य त्याला कळलं की नाही, मी विचारलं नाही. नायकाचं काम करणारा रोहन मात्र तल्लीन होऊन ऐकत होता. चांगला नट. जे कानावर पडेल ते उचलायचा.

काकीने मोगरीला चिखलात नेऊन बसवलं. मोगरी सुखाने पसरली आणि रवंथ करू लागली.

"मेलेली म्हैस रवंथ कशी करेल?" समीर म्हणाला.

"मेलेली करणार नाही," डॉक्टर म्हणाले. "ही करणार."

मग ठरलं की आधी रोहनची प्रार्थना घ्यायची. तेव्हा म्हैस जिवंतच असते. मरणाचा शॉट नंतर, पाठीमागून घ्यायचा. तोंड दिसलंच नाही तर रवंथ दिसण्याचा प्रश्न नाही.

दृश्य असं होतं. सैनिक गोल करून उभे. नायक म्हशीच्या कपाळावर हात ठेवून देवाकडे तिच्या जिवाची भीक मागतो. सैनिक माना खाली घालून गप्प. आवाज जागीच रेकॉर्ड होणार होता. याला सिंक साउंड म्हणतात. यात कुणी शिंकलं तरी टेक वाया जातो. म्हणून मी स्वतः सगळ्यांसमोर उभी राहून बजावलं, "कोणी तोंड उघडूचां न्हय. खोकलो इलो तर गिळा." सगळ्यांनी माना डोलावल्या. बाबीने सुभेदार असल्याने आणखी एकदा दटावलं.

कॅमेरा सुरू झाला. रोहन गुडघ्यावर बसला. चिखलाने माखलेला, दाढी वाढलेला. त्याने मोगरीच्या कपाळावर हात ठेवला आणि हळू आवाजात सुरुवात केली.

"देवा, हिणा आमचां वझां व्हायलां. आमच्या पोटात दूध घातलां. एकाकय पाठी सोडूक नाय."

मॉनिटरजवळ उभ्या ड्रेसवालीने डोळे पुसले. इथवर संहितेत होतं तसंच चाललं होतं. पुढचं वाक्य होतं, "हिका वाचव." ते रोहनने म्हटलं. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. गाऱ्हाण्याचा सूर त्याच्या कानात होता. आभाळाकडे बघून त्याने पुढे जोडलं:

"हिका वाचव, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!"

आख्खी तुकडी एका आवाजात. आणि त्या सगळ्यांच्या वरचा आवाज कॅमेऱ्यामागे उभ्या सरूकाकीचा.

साउंड रेकॉर्डिस्टने कानावरचे हेडफोन उपटून काढले. तिवरांतले बगळे उडाले. मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा मोगरीचे कान ताठ झाले होते. तिने काकीचा आवाज ओळखला होता. संध्याकाळ होत आली होती, म्हणजे तिच्या हिशेबाने दूध काढायची वेळ. तिने पुढचे पाय रोवले, चिखलातून फुसकन अंग सोडवलं आणि उभी राहिली. मग सैनिकांच्या मधून, शेपूट हलवत, काकीच्या दिशेने म्हणजे सरळ कॅमेऱ्यावर चालत आली.

रोहन रडत होता, खरोखरचा. तिला उठताना पाहून तो रडता रडता हसायला लागला. सैनिकांनी पाठीवर थाप मारून तिला वाट करून दिली. एक जण तर चक्क नाचला. त्यांना अभिनय करायचं भानच नव्हतं.

मी समीरकडे पाहिलं. "कट" म्हणायला त्याने तोंड उघडलं होतं, पण आवाज काढला नव्हता. मोगरीच्या कपाळाने मॉनिटरचा पडदा भरला तेव्हा कुठे तो म्हणाला, "कट."

मग बाबी पुढे आला. "सर, चुकी झाली. पण तेंनी म्हाराजा म्हटल्यान. मगे आमी गप कसे रवतलंव?"

समीर मॉनिटरवर तो टेक पुन्हा पाहत राहिला. पाणी वर चढत होतं. मी विचारलं, "मरणाचा शॉट लावू? वेळ थोडा आहे."

"कुणाच्या मरणाचा?" तो म्हणाला. "पॅकअप."

निर्मात्याचा फोन आला तेव्हा मी शेजारीच होते. "म्हैस मरत नाही म्हणजे? सगळी कथाच त्यावर आहे!" पलीकडून ओरडणं मलाही ऐकू येत होतं. समीर शांतपणे म्हणाला, "सर, ती उठली. मी काय करू? आधी बघा, मग बोला." निर्मात्याने बघितलं. मग म्हणाला, "हाच शेवट ठेवा."

काकी मोगरीला टेम्पोत चढवत होती. मी म्हटलं, "झालां गो तुझ्या मनासारख्यां?"

"माझ्या नाय," ती म्हणाली. "गाऱ्हाणां घातलास मां?"

मुंबईत सिनेमा दाखवला तेव्हा माणसं शेवटी रडत आणि हसत बाहेर आली. एका गृहस्थांनी मला गाठलं. सैनिकांचा तो एकमुखी आवाज अंगावर काटा आणतो म्हणाले. त्यासाठी किती तालीम घेतलीत?

मी खरं ते सांगितलं. "तालीम नव्हती. गप्प राहायची ताकीद होती."

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना मी एवढंच सांगते: सिंधुदुर्गात सिंक साउंडचं शूटिंग असेल, तर गाऱ्हाणं आणि शॉट यांच्या मध्ये जेवणाची सुट्टी ठेवा. सोलकढी पोटात गेली की माणसं सुस्तावतात. आम्ही ठेवली नाही, आणि आमच्या सिनेमातली म्हैस जगली.