एकटीची निवड

आमच्या मायनं देवाशी भांडण काढलं ते भर उपासनेत. आबा, म्हणजे माझे वडील, तेव्हा बीडच्या एका दवाखान्यात ऑक्सिजनवर होते. कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या, असं डॉक्टरांनी मला आदल्या दिवशी बाजूला घेऊन सांगितलं होतं. तरी मी भावाला त्यांच्याजवळ बसवून मायला चर्चमध्ये आणलं, कारण आबांनीच तिला पिटाळलं होतं. "जा, आयतवार हाय," म्हणाले.

आबांचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. मायचा मी शाळेत असतानाच झाला होता. पालीहून ते दर रविवारी तिला गाडीवर घेऊन यायचे, बाहेर लिंबाखाली तंबाखू मळत बसायचे आणि उपासना संपली की घेऊन जायचे. आत या म्हटलं की, "मला काय कळतंय त्यातलं," एवढंच. बाप्तिस्म्याशिवाय मेल्यावर त्यांचं काय होणार, याची मला धास्ती वाटायची. मायला मात्र कधीच नाही, आणि याचा मला रागही यायचा.

त्या दिवशी पाळकांनी विषय घेतला निवडीचा. पाळक तरुण, नुकतेच आलेले, बोलायला स्पष्ट. जग घडवण्याआधीच देवानं आपली माणसं निवडली, म्हणाले. कुणाचे गुण बघून नाही, कुणाच्या कष्टावर नाही, केवळ त्याच्या मर्जीनं आणि कृपेनं. इथपर्यंत माय मान डोलावत होती. मग ते म्हणाले, ही निवड ज्याची त्याची. बापाच्या निवडीवर लेक तरत नाही, बायकोच्या निवडीवर नवरा तरत नाही.

माय उभी राहिली. आमच्यात बाया गाण्याला उभ्या राहतात, प्रवचनात नाही.

"पाळकसाहेब, मुकादम एकट्या माणसाला कुठं घेतो?"

कुणी हसलं नाही. तिथल्या निम्म्या घरांनी ऊस तोडलेला. तोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. जोडी नसेल त्याच्या दारात मुकादम थांबतसुद्धा नाही. माझ्या आईबापाची उमेदीची वर्षं त्यातच गेली. आपल्याला घेतलं म्हणजे धन्यालाही घेतलं, असं माय इतकी वर्षं धरून चालली होती. देवाची रीत वेगळी असेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी पाळकांना डोळ्यांनी खुणावत होते. नंतर बोलू मावशी, एवढं म्हणाले असते तर भागलं असतं. पण हा बाबा खरं बोलणारा, हीच तर पंचाईत.

"मावशी, तिथं जोडी नसते."

"मग माझं नाव काढा. मला एकटीला नगं त्ये तारण."

त्या दिवशी प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. त्यासाठी न थांबता ती चपला पायात सरकवून बाहेर पडली, मागे मी.

रिक्षात मी तिच्यावर तडकले. "असं बोलतात का, माय?"

"तू गप बस."

मी घाबरले होते. आबा जाणार हे मला कळून चुकलं होतं. ज्या देवाच्या आधारावर तिनं पुढचे दिवस काढायचे, तोच तिनं झिडकारला होता. आता तिच्या हाती काहीच राहणार नव्हतं.

दवाखान्यात ती खाटेजवळ नुसती बसून राहिली. आबांनी काय झालं विचारलं, तर तिनं सगळं सांगून टाकलं. लपवणं तिला जन्मात जमलं नाही.

दुपारी पाळक आले. चेहरा उतरलेला. मायनं तोंड फिरवलं. आबांनी तोंडावरचा मास्क ओढला, मी परत लावला, त्यांनी परत ओढला.

"साहेब, हिचं नाव काढलं का?"

"नाही, मामा. आम्हाला ते काढता येत नाही. मावशींनाही येत नाही. देव ज्याला धरतो, त्याला सोडत नाही."

"बरं झालं. लई हट्टी हाय ती." आबांना धाप लागली. दम खाऊन म्हणाले, "आन् माझं?"

खोटं बोला, निदान आज तरी, असं मला ओरडून सांगावंसं वाटलं.

"मला माहीत नाही, मामा," पाळक म्हणाले.

"मग त्याचं त्याला ठरवू द्या. घेतलं तर जातो. न्हाई घेतलं तरी त्याच्यावर राग न्हाई माझा. हिला तेवढं सोडू नको म्हणावं त्याला."

मला रडू आवरेना. मायनं मात्र शांतपणे मास्क त्यांच्या नाकावर नीट बसवला. मग पाळकांकडे वळली.

"आता सांगा साहेब, निवडलेला माणूस ह्याच्याहून येगळं काय बोलतो?"

स्टूल ओढून पाळक आबांच्या उशाशी बसले, ते संध्याकाळपर्यंत उठले नाहीत.